गावातलं रोखीचं गिऱ्हाईक कुठं गेलं? – मराठवाड्यातली शेतकरी घरं, त्यांची खरेदी आणि गावचं दुकान

मांजराकाठ · १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी. औसा तालुक्यात आमचं किराणा-जनरलचं दुकान आहे. गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं. दुकान वडिलांनी टाकलं, आता मी बघतो. सप्टेंबरच्या पावसात माळवद गळलं म्हणून गेल्या रविवारी वरच्या पेट्या खाली काढल्या. त्यात वडिलांच्या खतावण्या निघाल्या, २००४ पासूनच्या. वाळत घालायच्या म्हणून उघडल्या आणि वाचतच बसलो.

वडिलांच्या वेळी एका घराच्या पानावर वर्षात तीनदा जमा दिसते. मूग-उडीद निघाले की पोळा-महालक्ष्म्यांच्या सुमाराला थोडी, दिवाळीच्या आगंमागं मोठी, आणि पाडव्याच्या आत हरभरा, करडई, तुरीची. पान पुरतं कोरं कधीच होत नव्हतं, पण चार महिन्यांच्या वर कुणाचं थकलेलंही दिसत नाही. आता त्याच घरांच्या, म्हणजे त्यांच्या पोरांच्या पानावर वर्षात एकदाच जमा आहे, सोयाबीनची. तीही अर्धीमुर्धी. मुगा-उडदाचं रान सोयाबीनखाली गेलं, खरिपाची ज्वारी गेली, बांधावरची अंबाडी-तीळ गेले. पैसा एकदाच यायला लागला आणि खर्च मात्र महिन्यावर आला. मोबाईलचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसाला, गॅस, शाळेची बस, गाडीचं पेट्रोल, गटाचा हप्ता, टीव्हीचा हप्ता. यातलं कुणी थांबत नाही. रिचार्ज संपलं की फोन बंद, हप्ता चुकला की वसुलीवाला दारात. थांबतो तो फक्त किराणावाला.

आणि सोयाबीनचे पैसे हातात आले की माणूस गाडी काढून लातूरला जातो. गोलाईच्या बाजारपेठेत फिरतो, मार्टमधून महिन्याचं भरतो. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिथं चार पैसे वाचतात. पण रोखीचं गिऱ्हाईक लातूरला आणि उधारीचं माझ्याकडं, असं झालंय.

परवा दिवेलागणीला एक मावशी वाटी घेऊन आल्या, पदराखाली झाकून. पाच एकराच्या मालकीण. पाव किलो तेल द्या म्हणाल्या. पुडा घ्या म्हणालो तर "नगं बाबा, वाटीतच दे, पुडा लई वाटतो" म्हणाल्या. ह्याच घराच्या पानावर वडिलांच्या हातचं लिहिलेलं आहे: "तेल डबा १, गूळ ढेप १, दिवाळी". मी तेल मापलं आणि पान उघडलं, पण लिहायला हात होईना.

२२ सप्टेंबरपासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मोठ्या आशेनं माल भरला होता. त्याच आठवड्यात मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वावरात शिरल्या. स्वस्त झालेला साबण घ्यायला दिवाळीत गिऱ्हाईकच नव्हतं.

तुमच्या गावात, तालुक्यात काय चाललंय ते लिहा. दुकानदार, शेतकरी, आडतवाले, सगळ्यांनीच.

पांढरीमाती · १४ डिसेंबर, रात्री १०:२५

रेणापूरकडचा शेतकरी आहे. पाच एकर कोरडवाहू, विहीर आहे पण मार्चला तळ दिसतो. आमच्या हातात काय राहतं ते एकदा आकड्यात मांडतो, म्हणजे दुकानात का येत नाही ते कळंल. यंदाचं धरू नका, यंदा पाण्यात गेलं. गेल्या सालचा, २०२४ चा खरीप घ्या, माझ्या डायरीतला, एकरी:

नांगरट, रोटा, पेरणी ३,८००. बी ३,०००. खत १,६००. तणनाशक आणि तीन फवारण्या ३,२००. कापणी गुत्त्यानं ४,५००. मळणी क्विंटलला ३०० प्रमाणं सहा क्विंटलची १,८००. झाले १७,९००. मी, बायको आणि म्हातारी राबलो त्याचा रोज धरलेला नाही.

सहा क्विंटल उतारा, भाव लागला ४,१५०. आले २४,९००. राहिले ७,०००. पाच एकराचे ३५,०००. जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांचे.

त्या साली हमीभाव ४,८९२ होता. तो मिळाला असता तर क्विंटलला ७४२ रुपये जास्ती. तीस क्विंटलचे २२,२६०. मांजराकाठ भाऊ, तुमच्या खतावणीत जी दुसरी आणि तिसरी जमा दिसत नाही ना, ती ही. दिवाळीचे कपडे, पोरीची सायकल, तेलाचा डबा, सगळं ह्या २२ हजारात होतं.

खरेदी केंद्रावर नोंदणी केली होती. आधी ओल १२ टक्क्यांच्या वर म्हणून परत पाठवलं. नोव्हेंबरात केंद्रानं १५ टक्के चालेल म्हणून सांगितलं, तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि मळणीवाल्यापासून मजुरापर्यंत सगळे दारात उभे. मी आडतीवर घातलं. पुढं ज्यांनी थांबायची हिंमत केली त्यांना बारदाना, म्हणजे पोती, नाही म्हणून ट्रॅक्टर घेऊन बसावं लागलं. हमीभाव यंदा ५,३२८ झालाय. कागदावर.

उदगीरकर_पुण्यात · १४ डिसेंबर, रात्री ११:०२

एक प्रश्न. सोयाबीन किलोला चाळीस-बेचाळीस रुपयांनी विकायचं आणि सोयाबीन तेलाचा पुडा एकशे चाळीसच्या पुढं. मधले शंभर रुपये कुणाच्या घशात जातात? गावी फोन केला की वडील हेच विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

मुनीम · १५ डिसेंबर, सकाळी ७:१५

लातूरच्या आडत बाजारात वीस वर्षं आहे, म्हणून सांगतो. सगळे शंभर रुपये मधल्याच्या घशात जात नाहीत, गणित वेगळं आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. बाकी ऐंशीच्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो. पेंड जाते कोंबडीखाद्यात आणि परदेशात. आता मका आणि तांदळापासून इथेनॉल करायला लागले, त्याचा चोथा राहतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. प्रथिनं भरपूर आणि स्वस्त. खाद्यवाले तिकडं वळले, पेंडीचा उठाव गेला, पेंड पडली की सोयाबीन पडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलाचं आयात शुल्क वाढवून सगळं मिळून २७.५ टक्के केलं, तेव्हा तेल लगेच महागलं, पण सोयाबीन हललं नाही, ते ह्याच्यामुळं. यंदा मे महिन्यात कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० चं १० केलं. म्हणजे शेतकऱ्याला तेलाची तेजी मिळाली नाही आणि मंदी मात्र त्याच्याच माथी.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. माझ्या डोळ्यासमोर. त्या दिवशी बाजारात शेतकरी किती होते? बोटावर मोजण्याइतके. माल व्यापाऱ्याकडं आणि मोठ्या बागायतदाराकडं. त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी निघाली आणि नवा माल येईपर्यंत भाव खाली. दहा हजार ऐकून पुढल्या साली सगळ्यांनी सोयाबीनच पेरलं.

आणखी एक. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे आडतीवरच्या विक्रीची पावती, हातात पडते तेव्हा त्यातून उचल आधीच कापलेली असते. जूनमध्ये बियाण्याला घेतलेले वीस हजार, ऑगस्टला फवारणीला दहा हजार. नऊ क्विंटल घालून घरी पाच-सात हजार घेऊन जाणारी माणसं मी रोज बघतो. पट्टी उलटी-सुलटी करून बघतात, दोनदा. काही बोलत नाहीत.

पांढरीमाती · १५ डिसेंबर, सकाळी ७:४०

मुनीमकाका, सोन्याशी लावून बघा. ऑगस्ट २०२१ ला दहा ग्रॅम सोनं ४७-४८ हजार होतं आणि सोयाबीन दहा हजार. पाच क्विंटलला तोळा. आज सव्वा लाखाच्या वर सोनं आणि चार हजार सोयाबीन. तीस क्विंटलला तोळा. म्हणजे माझ्या पाच एकराचा सगळा माल.

मुनीम · १५ डिसेंबर, सकाळी ८:०५

सोनं जगभर वाढलंय दादा, त्यानं मोजलं तर सगळंच पडलेलं दिसेल. पण लग्नघराला हे सांगून भागत नाही, तेही खरं.

बस्तेवाला · १५ डिसेंबर, दुपारी ३:३०

लग्नघराचा विषय निघाला म्हणून लिहितो. तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान आहे, आजोबांपासून. आमचा धंदा बस्त्यावर. तुळशीचं लग्न झालं की वैशाख-ज्येष्ठापर्यंत बस्ते. बाकी वर्षभर दुकान उघडं ठेवायचं एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बस्ता म्हणजे दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं टेम्पोत बसून येतात, सकाळी दहाला गादीवर बसली की संध्याकाळी सहाला उठतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा कोट, मग मानाच्या साड्या, मग आहेराच्या, शेवटी टॉवेल-टोपी. दोनदा चहा आणि एकदा जेवण दुकानाचं.

शेतकऱ्याच्या हातात पैसा आहे का नाही ते मला शालूवरून कळत नाही. शालू तो कर्ज काढून घेतोच, पोरीच्या अंगावरचं कमी करत नाही. मला कळतं टॉवेल-टोपीवरून. पूर्वी शंभर टॉवेल, शंभर टोप्या मागताना कुणी विचार करत नव्हतं. आता बाप मध्येच उठून बाहेर जातो, चुलत्याशी कुजबुजतो, परत येऊन म्हणतो, "साठच करा, बाकीच्यांना नुसतं कुंकू लावू." आहेराची दीडशेची साडी होती तिथं एकशे दहाची दाखवा म्हणतात. बायका कापड बोटात धरून बघतात आणि खाली ठेवतात. ह्या एकशे दहाच्या साडीत मला काही सुटत नाही, पण नाही म्हटलं तर बस्ता उठून दुसरीकडं जातो.

यंदा कार्तिकातले आमचे तीन ठरलेले बस्ते पुढं गेले. एक नदीकाठचं घर होतं. जमीनच खरवडून गेली त्यांची, खाली मुरूम दिसतोय म्हणे. त्यांनी फोन करून सांगितलं, "शेठ, इसार राहू द्या तुमच्याकडंच, पोरगी उजवायची आहेच, फक्त साल सांगता येत नाही." इसार मी परत पाठवला. नदी येईल हे त्यांनी थोडंच ठरवलं होतं.

जालन्याचा_मी · १५ डिसेंबर, रात्री ८:५०

सगळं पटतं, पण दुकानदारांबद्दल एक सांगतो, राग मानू नका. आमच्या गावात किराणा दुकानात जी साखर मिळते ती तालुक्यापेक्षा किलोला दोन-तीन रुपये महाग. शेंगदाण्यात खडे. बिस्किटाची तारीख उलटलेली. आईनं परत नेऊन दिलं तर दुकानदार म्हणे "खाऊन बघा, काही होत नाही". मग माणूस तालुक्याला का जाणार नाही? उधारीवर असणाऱ्याला तर तोंडच नसतं. पान त्याच्याकडं असल्यावर खडे निघाले म्हणून सांगणार कोण?

मांजराकाठ · १५ डिसेंबर, रात्री ९:३५

जालन्याचे भाऊ, राग कसला. खरं आहे. तारीख उलटलेला माल मी ठेवत नाही, पण दोन रुपये महाग माझ्याकडंही आहे. त्याचं कारण लपवत नाही. मी साखरेची पाच पोती घेतो, मार्ट पाच ट्रक घेतं. वर माझी तीन-साडेतीन लाखांची उधारी गावात पसरलेली आहे आणि घाऊकवाला मला पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. ते दोन रुपये म्हणजे त्या उधारीचं व्याजच आहे. पण तुम्ही म्हणता तसं होतं काय, की रोखीनं घेणारा माणूससुद्धा दुसऱ्याच्या उधारीचं व्याज भरतो. म्हणून तो जातो. तो गेला की माझ्याकडं उधारीवालेच उरतात, आणि दोनाचे तीन रुपये होतात. ह्या फेऱ्यातून बाहेर कसं पडायचं ते मला कळत नाही, म्हणूनच धागा काढला.

उधारीवाल्याला तोंड नसतं हे वाक्य मात्र लागलं. परवाच्या मावशींनी वाटी पदराखाली का झाकली होती ते आता कळलं.

हळदीचं_रान · १६ डिसेंबर, सकाळी ११:१०

वसमतजवळच्या गावातून लिहितेय. घरी तीन एकर हळद आहे, मी बचत गटाची सचिव आहे. भाऊ-दादा मंडळी सगळी सोयाबीन आणि पट्टीवर बोलायलेत, पण गावातल्या खरेदीत दोन वर्षांत एक बदल झाला तो कुणीच लिहिला नाही. ऑगस्ट २०२४ पासून बाईच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० यायलेत. रक्कम लहान आहे, पण ती आडत्याच्या पट्टीतून कापून येत नाही आणि नवऱ्याच्या खिशातून मागून घ्यावी लागत नाही.

पीक विकून आलेला पैसा आणि हा पैसा वेगळा खर्च होतो. पिकाच्या पैशातून पत्रे येतात, गाडी येते, मोटार येते, देणं फिटतं. ह्या पैशातून वही-पेन, पोरीचे पॅड, म्हातारीच्या गोळ्या, घरातली पाव किलो चहापत्ती, कधी अंड्याचा ट्रे. हे सगळं गावातच घेतलं जातं, कारण पंधराशे रुपयांसाठी कुणी वसमतला भाडं घालून जात नाही. आमच्या गावात दोन बायांनी जनरल स्टोअर टाकलंय आणि दोन्ही चालतात. बांगड्या, पिना, टिकल्या, मॅक्सी, लहान लेकरांचे कपडे. उधारी बंद अशी पाटी आहे आणि खरंच बंद आहे.

पण सगळं गोड आहे असं समजू नका. आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या मागं खाजगी फायनान्सचे हप्ते आहेत. कुणाचे आठवड्याला, कुणाचे महिन्याला, काहींचे तीन-तीन. पैसे खात्यात आले त्याच दिवशी हप्त्याला जातात. घराला फ्रीज दिसतो, आत दूध नसतं. मांजराकाठ दादा, तुमचं "कुणी थांबत नाही" हे वाक्य मी काल बैठकीत वाचून दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

बियाणंखतं · १६ डिसेंबर, दुपारी १:२०

कृषी सेवा केंद्र आहे, परभणी जिल्हा. जालन्याच्या भावांनी किराणावाल्याला धरलं तर आम्हाला का सोडता? उधारीचा भाव आणि रोखीचा भाव आमच्याकडंही वेगळा असतो, बिलात लिहिलेला नसतो एवढंच. डीएपीची गोणी १,३५० ची आहे आणि मी १,३५० लाच देतो, पण वरून येताना तिच्या गळ्यात दुसरंच काहीतरी बांधून येतं, ते खपवायचं कुणाला? शेतकऱ्यालाच. त्या न लागणाऱ्या डब्याचे चारशे-पाचशे रुपये गेले की तेवढी त्याची किराण्यातली खरेदी गेली. मला हे बरं वाटत नाही, आणि दुकानही बंद करता येत नाही.

सेलूचे_सर · १६ डिसेंबर, रात्री ९:००

अर्थशास्त्र शिकवतो. इथं सगळ्यांनी अनुभव लिहिले, त्याला जोडून दोन-चार आकडे देतो, कारण ते ह्या चर्चेच्या मुळाशी जातात.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ साठी शेतकरी कुटुंबांचं उत्पन्न मोजलं. देशभरात महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये. ते कशातून? मजुरी-पगारातून ४,०६३, पिकांतून ३,७९८, जनावरांतून १,५८२. शेतकरी म्हणून नोंदलेल्या कुटुंबाला शेतातल्या पिकापेक्षा मजुरीतून जास्त पैसा येतो, असा ह्याचा सरळ अर्थ. ह्यातल्या ५०.२ टक्के कुटुंबांवर कर्ज होतं.

म्हणून मांजराकाठ, तुमच्या गिऱ्हाइकांचे दोन भाग करून बघा. ज्यांचं पोट रोजंदारीवर आहे ते लहान घेतात पण दर आठवड्याला घेतात आणि बरेचदा रोख देतात. बाजाराच्या दिवशी त्यांच्या हातात पैसा असतो. बाईचा रोज दहा वर्षांपूर्वी आमच्याकडं दीडशे होता, आता तीनशे आहे. पांढरीमाती दादांना कापणी महाग पडली ती ह्याच्यामुळंच, आणि तो पैसा गावातल्याच दुसऱ्या घरात गेला. अडचणीत आहे तो पाच-सात एकरवाला. त्याच्याकडं जमीन आहे म्हणून पत आहे, पत आहे म्हणून उधारी आहे, मजुरीला जाणं त्याच्या जिवावर येतं. गावातला मोठा ग्राहक तोच होता. बैलजोडीसाठी झूल, गोंडे, घुंगरमाळा घेणारा, बस्त्याला टेम्पो भरून जाणारा.

दुसरा आकडा. २०२३-२४ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यात खाण्यापिण्याचा वाटा ४७ टक्के. निम्म्याहून जास्त खर्च प्रवास, औषधपाणी, मोबाईल, शिक्षण, कपडे, वस्तू ह्यांच्यावर. गावच्या किराणा दुकानाच्या फळीवर ह्यातलं फारच थोडं असतं. खर्च वाढला तरी तो तुमच्या गल्ल्यात येत नाही, ह्याचं एक कारण हे आहे.

कोयता_बीड · १७ डिसेंबर, पहाटे ५:२०

सर, आमच्या गावाचा तिसरा भाग करावा लागंल. धारूर तालुक्यातला आहे. सध्या कारखान्यावर आहे, टोळीबरोबर. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, बसून लिहायलोय.

आमच्या गावात वर्षातला मोठा बाजार दसऱ्याच्या आगंमागं असतो. मुकादमाकडून कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, लाखाच्या पुढं उचल मिळते. ती हातात आली की आधी दुकानदाराची वर्षाची उधारी. तो दारात येऊन बसतो, त्याचंही खरं आहे, आम्ही एकदा गेलो की चैत्र-वैशाखापर्यंत तोंड दिसत नाही. मग जायची खरेदी. ताडपत्री, बॅटरी, दोरखंड, ॲल्युमिनियमची पातेली, प्लास्टिकचे बॅरल, बाजरी-ज्वारीची पोती, तिखट-मीठ, लेकरांना स्वेटर. आठ-दहा दिवसात दुकानदाराचा वर्षाचा धंदा होतो. मग गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तेव्हा दुकानात काय विकतं? तंबाखू आणि पाच रुपयाचा बिस्किटपुडा.

ती उचल म्हणजे आमची कमाई नाही, अजून न तोडलेल्या उसाचे पैसे आहेत ते. पाठीचं हाड मोडलं तरी फेडायचे. दुकानात आम्ही रोखीचं गिऱ्हाईक दिसतो, पण ती रोखसुद्धा उधारीच आहे.

ट्रॅक्टर आला. निघतो.

बस्तेवाला · १७ डिसेंबर, सकाळी १०:००

बीडच्या भाऊ, जपून काम करा. परतल्यावर नक्की लिहा.

हळदीचं_रान · १७ डिसेंबर, दुपारी १२:४५

मांजराकाठ दादा, तुम्ही विचारलं होतं बाहेर कसं पडायचं. आमच्याकडं जे केलं ते सांगते, तुमच्याकडं चालेल का ते तुम्ही बघा.

आमच्या गटातल्या चौदा घरांनी गावच्याच दुकानदाराला सांगितलं: आम्ही महिन्याची यादी एकत्र देतो, पैसे यादीबरोबरच, निम्मे आधी आणि निम्मे माल आल्यावर. तू घाऊक भावावर किलोला एक रुपया घे. तेल डब्यानं, साखर पोत्यानं, शेंगदाणे पोत्यानं, चौदा घरांत वाटून. पहिल्या महिन्यात एका घराचे दोनशे-अडीचशे वाचले. दुकानदाराला उधारी नाही. जिच्याकडं पैसे कमी पडतात तिचे गटाच्या बचतीतून भरतो, ती पुढल्या महिन्यात गटाला देते. दुकानदाराच्या पानावर तिचं नाव चढत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं. दोघीजणी मध्येच सुटल्या, त्यांच्या घरच्यांना तालुक्याला जायचं होतं. चालायचंच. बाकी चालू आहे, आठवा महिना.

पांढरीमाती · १७ डिसेंबर, रात्री ९:१५

अतिवृष्टीच्या मदतीचं विचारलं होतं एकानं व्यक्तिगत निरोपात, इथंच सांगतो. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीच्या बी-खताला दहा हजार, मिळून १८,५००. एकरी ७,४०० धरा. आले ते हरभऱ्याच्या पेरणीत गेले. दुकानात काही पोचलं नाही. तूर मात्र उभी आहे, उंचावरच्या दीड एकरातली. शेंगा भरल्यात.

मांजराकाठ · २१ डिसेंबर, रात्री १०:१०

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली, आता निवांत लिहितो.

आमच्या भागात येळवशीला कुणी घरी राहत नाही, सगळे वावरात जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोप करायची, पांडव मांडायचे, भज्जी, अंबील, उंडे, खीर. दुकानात आदल्या दोन दिवसांत बेसन, गूळ, शेंगदाणे, खोबरं ह्यांचीच विक्री. गेल्या साली बेसन नव्वद किलो गेलं होतं, यंदा एकसष्ट. नदीकडच्या वावरात यंदा कोपी कमी. पण ज्यांनी केली त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून घेतलं. मलाही तीन ठिकाणी जेवावं लागलं.

त्यातलं एक वावर त्या वाटीवाल्या मावशींचं. जेवण झाल्यावर हळदीच्या रानातल्या ताईंचा निरोप मी त्यांना आणि त्यांच्या सुनेला वाचून दाखवला. सुनेनं दोनच प्रश्न विचारले. "पैसे कमी पडले तर पानावर नाव येणार नाही ना?" आणि "भाव आम्हाला दाखवणार का?" दोन्हीला हो म्हणालो. काल संध्याकाळी ती अकरा घरांची यादी घेऊन दुकानात आली, शाळेच्या वहीच्या पानावर, पोराच्या अक्षरात. निम्मे पैसे बरोबर होते, चुरगळलेल्या नोटा आणि काही मोबाईलवरून. जुन्या उधारीचं काय, असं मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, तूर निघाली की.

यादीत तेलाचे सहा डबे आहेत. साखर दोन पोती. तूरडाळ चाळीस किलो. तूर पिकवणाऱ्या गावात तूरडाळ चाळीस किलो विकत, हे वाचून मला वडिलांची खतावणी परत आठवली. त्यांच्या वेळी जात्यावर भरडलेली डाळ घरोघरी होती.

पांढरीमाती दादा, तुमची तूर निघाली की कळवा. एक क्विंटल तुमच्याकडून सरळ घेतो, आडतीवर घालू नका, त्या दिवशीचा लातूरचा भाव धरू. डाळगिरणीतून भरडून आणून ह्या अकरा घरांना देतो. चुणी-भुसा तुमच्या म्हशीला परत. उद्या सकाळी साडेसहाच्या गाडीनं गोलाईत निघालोय, मुनीमकाका, तुम्ही दुकानात किती वाजता असता?

मुनीम · २१ डिसेंबर, रात्री १०:३२

आठला या. तेलाचा भाव सकाळी विचारून ठेवतो.

पांढरीमाती · २२ डिसेंबर, सकाळी ६:०५

संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसात निघंल. एक क्विंटल तुमचं धरलं.